अँज पोस्टेकोग्लूला ठेवायचं की नारळ द्यायचा?

पांढरी_जर्सी | २८ मे २०२५

टॉटनहॅमच्या, म्हणजे आपल्या स्पर्सच्या, मंडळाने अजून तोंड उघडलेलं नाही. २१ मेला बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून आपण युरोपा लीग जिंकलो. चार दिवसांनी घरच्या मैदानावर ब्रायटनने चार गोल ठोकले आणि प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यात आपण वीस संघांत सतरावे राहिलो. ३८ सामने, २२ पराभव, ३८ गुण. आपल्या खाली फक्त लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन, आणि ते तिघेही खालच्या लीगमध्ये गेले. आता रोज बातमी येते की मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूला घरी पाठवणार. त्याच्या जागी ब्रेंटफर्डचा थॉमस फ्रँक, बोर्नमथचा इराओला अशी नावं फिरताहेत.

अँजला काढलं तर तो या क्लबने स्वतःवर केलेला आणखी एक अन्याय असेल, असं माझं ठाम मत आहे.

२००८ च्या लीग कपनंतर आपल्याला काहीच मिळालं नव्हतं. युरोपातला करंडक तर १९८४ नंतर थेट आत्ता. मधल्या काळात काय काय करून झालं ते आठवा. पोचेटिनोने २०१९ ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत नेलं, पाच महिन्यांत त्याला काढलं. मोरिन्योला २०२१ मध्ये लीग कप फायनलच्या सहा दिवस आधी काढलं. कॉन्टे २०२३ च्या मार्चमध्ये गेला. हॅरी केन क्लबच्या इतिहासातले सगळ्यात जास्त गोल करून, एकही करंडक हाती न लागता बायर्नला गेला. मोठ्या नावांनी जे जमलं नाही ते या माणसाने केलं. सप्टेंबरात आर्सेनलकडून हरल्यावर तो म्हणाला होता, दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो. तेव्हा सगळे हसले होते.

लीगचं बोलायचं तर ८ डिसेंबरचा चेल्सीचा सामना बघा. बचावफळीच्या मधले रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन दोघेही दुखापतीतून त्याच दिवशी परतले होते. पाव तास झाला आणि रोमेरो बाहेर. सामना संपत आला तेव्हा व्हॅन डे व्हेनचा मांडीमागचा स्नायू पुन्हा गेला. २-० अशी आघाडी होती, आपण ३-४ हरलो. गोलकीपर विकारिओचा घोटा त्याआधीच, मँचेस्टर सिटीला त्यांच्याच घरी ४-० हरवलं त्या सामन्यात मोडला होता. म्हणजे अख्खा हिवाळा आर्ची ग्रे सेंटर-बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध. वय अठरा, मुळात मिडफिल्डर. अशा संघाचा नंबर बघून मॅनेजरची लायकी ठरवायची?

आणि फायनल! मॅडिसन, कुलुसेव्स्की, बर्गवाल तिघेही नाहीत, म्हणजे मधल्या फळीत चेंडू पुढे नेणारं कोणीच नाही. ज्याला दोन वर्षं हट्टी म्हटलं त्या माणसाने त्या रात्री अख्खा संघ मागे खेचला. पाऊण वेळ चेंडू युनायटेडकडे होता. ब्रेनन जॉन्सनचा एक गोल, व्हॅन डे व्हेनने हवेत उलटं होऊन गोलरेषेवरून काढलेला चेंडू, आणि संपलं. परिस्थिती ओळखून खेळ बदलता येतो हे त्याने सगळ्यात मोठ्या दिवशी दाखवलं. याहून मोठी परीक्षा ती कुठली?

करार २०२७ पर्यंत आहे. ठेवा त्याला.

---

सोळा_नंबर

करंडकाचा आनंद मलाही तेवढाच आहे, पण करंडक आणि पुढच्या वर्षाचा मॅनेजर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावताय.

२०२३ मध्ये अँजची सुरुवात झकास झाली होती. पहिल्या दहा सामन्यांत २६ गुण. तेवढं बाजूला ठेवा. त्यानंतर लीगचे ६६ सामने झाले आणि गुण मिळाले ७८. ही दीड वर्षाहून जास्त काळाची गोष्ट आहे, एका हिवाळ्याची नाही. सगळं खापर दुखापतींवर फोडणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा.

दुखापतींआधीचा सामना सांगतो. ६ ऑक्टोबर, ब्रायटन. मध्यंतराला २-० पुढे. रोमेरो, व्हॅन डे व्हेन, विकारिओ तिघेही मैदानावर. दुसऱ्या डावाच्या पहिल्या वीसेक मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि सामना गेला. प्रतिस्पर्ध्याने मध्यंतरात थोडी मांडणी बदलली की आपल्याकडे उत्तर नसतं. हाय लाइन तीच, म्हणजे बचावफळी पार मध्यरेषेजवळ, कडेचे फुलबॅक तसेच आत शिरलेले, आणि मागे मोकळं रान. वर्षभरात ६५ गोल खाल्ले, त्याच्या आदल्या वर्षी ६१. आदल्या वर्षी ना युरोपची स्पर्धा होती ना गुरुवारचे सामने.

कॉर्नरचं तर बोलायलाच नको. २०२४ च्या एप्रिलमध्ये आर्सेनलने आपल्या घरात कॉर्नरवर गोल केले, सप्टेंबरमध्ये गॅब्रिएलने पुन्हा कॉर्नरवरच डोक्याने मारून सामना नेला. तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, तीच चूक. सेट-पीसचं, म्हणजे कॉर्नर, फ्री-किकचं, महत्त्व अँज कायम उडवून लावायचा. ज्या लीगमध्ये एकेक गोल एवढा महाग आहे तिथे ही बेफिकिरी परवडत नाही.

शेवटचा मुद्दा. ६ एप्रिलला साउदॅम्प्टनला हरवलं, त्यानंतर लीगमध्ये एकही विजय नाही. सात सामने, एक गुण. लेस्टर आणि इप्सविच दोघेही आपल्या घरी येऊन जिंकून गेले. यंदा खालचे तीन संघ एवढे दुबळे नसते तर आपण १९७७ नंतर पहिल्यांदा खालच्या लीगमध्ये गेलो असतो, आणि मग हा धागा निघालाच नसता.

---

ओल्डट्रॅफर्ड_नाशिक

मी युनायटेडवाला, बिल्बाओत हरलेल्या बाजूचा. तरी लिहितो, कारण हा सिनेमा आम्ही गेल्या वर्षीच पाहिलाय.

२०२४ च्या मेमध्ये एरिक टेन हाग लीगमध्ये आठवा आला, तोवरचा प्रीमियर लीगमधला आमचा सगळ्यात वाईट नंबर. आठवड्याभरात वेम्ब्लीवर सिटीला हरवून त्याने एफए कप जिंकला. सगळे विरघळले. करार वाढवला, उन्हाळ्यात त्याच्या पसंतीचे खेळाडू घेतले. २८ ऑक्टोबरला त्याला काढावं लागलं, तेव्हा आम्ही चौदावे होतो. मग रुबेन अमोरिम आला तो दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीसाठी जमवलेला संघ घेऊन, हंगाम अर्ध्यावर असताना. परिणाम तुम्ही बिल्बाओत पाहिला आणि गुणतक्त्यातही. आम्ही पंधरावे.

एका फायनलच्या प्रेमात पडून घेतलेला निर्णय आम्हाला पूर्ण वर्षाला पडला. निर्णय घ्यायचाच असेल तर जूनमध्ये घ्या, ऑक्टोबरमध्ये नको.

---

पांढरी_जर्सी

@ओल्डट्रॅफर्ड_नाशिक, टेन हागचं उदाहरण येणार हे माहीत होतं. पण तुमच्या मालकांनी त्याला ठेवलं कसं? उन्हाळाभर दुसऱ्या मॅनेजरांची चाचपणी केली, ती जगजाहीर झाली, आणि कोणी मनासारखं मिळालं नाही म्हणून तोच पुढे चालू. ज्याच्या पाठीमागे बाजारात त्याचीच जागा दाखवत फिरलात, त्याचं ड्रेसिंग रूममध्ये काय वजन उरणार? मी म्हणतो तसं ठेवणं म्हणजे उद्या सकाळी जाहीर करून ठेवणं.

@सोळा_नंबर, सात सामन्यांत एक गुण हे खरं. त्या काळात फ्रँकफर्ट आणि बोडो-ग्लिम्टविरुद्धचे बाद फेरीचे सामने चालू होते. लीगमध्ये ना वर जायचं होतं ना खाली, तेव्हा त्याने रविवारी दुसरी फळी खेळवली आणि गुरुवारसाठी माणसं राखली. बोडोला जाऊन, आर्क्टिक सर्कलच्या वर, कृत्रिम गवतावर आपण २-० जिंकलो. तिथे लाझिओ हरून आली होती. जे गुण सोडले त्यांच्या बदल्यात करंडक आला आणि चॅम्पियन्स लीगची जागा आली. हा सौदा मी दर वर्षी करीन.

आणि "मग हा धागा निघालाच नसता" याला काय अर्थ आहे? जे झालंच नाही त्यावरून माणसाला काढायचं का?

---

सेव्हन_सिस्टर्स

लंडनहून. स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते, दक्षिण स्टँडमध्ये बसते. २३ तारखेच्या मिरवणुकीला गेले होते. अँजने माइक हातात घेऊन सांगितलं की चांगल्या मालिकांचा तिसरा सीझन दुसऱ्यापेक्षा भारी असतो, तेव्हा रस्त्यावर जो आवाज झाला तो मी जन्मभर विसरणार नाही. इथल्या लोकांचं त्याच्यावर प्रेम आहे. वर्षभर जे फलक निघाले, घोषणा झाल्या, त्यातल्या बहुतेक अध्यक्ष डॅनियल लेव्हीच्या विरोधात होत्या.

हे सगळं असूनही माझं मत बदलाच्या बाजूने आहे.

टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे मागच्या चौघांचं काय चाललंय ते दिसत नाही. स्टँडमधून दिसतं. चेंडू समोरच्याच्या गोलजवळ असतो आणि रोमेरो मध्यरेषेवर उभा राहून दोन्ही हात पुढे ढकलत बाकीच्यांना वर बोलावत असतो. चेंडू गेला की तिथून उलटं वळून साठ मीटर पूर्ण वेगात धावायचं. तीन मिनिटांनी पुन्हा तेच. व्हॅन डे व्हेन या लीगमधल्या सगळ्यात वेगवान खेळाडूंपैकी एक आहे म्हणून हे चालून जातं, पण त्याचं शरीर याची किंमत मोजतं. दोन्ही हंगामांत मांडीमागचा तोच स्नायू गेला. आठवड्याला एक सामना असेल तर असं खेळता येतं, गुरुवार-रविवार नाही. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमुळे मंगळवार-शनिवार असेल, समोर बार्सिलोना, बायर्नसारखे संघ असतील.

म्हणून दुखापतींना "नशीब" म्हणणं मला पटत नाही, पांढरी_जर्सी. सगळ्या नाही, पण बऱ्याचशा दुखापती या खेळातूनच आल्या. विकारिओचा घोटा हा अपघात. स्नायूंच्या दुखापतींची रांग हा अपघात नव्हे.

---

मडगावचा_बॅक

ताई, खेळाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण मग प्रश्न विचारा की त्या खेळाला लागणारे सेंटर-बॅक किती दिले? रोमेरो, व्हॅन डे व्हेन आणि ड्रॅगुशिन. तिघांवर अख्खं वर्ष, युरोपासकट. डॅन्सो आला तो फेब्रुवारी उजाडल्यावर, आणि त्याच सुमारास ड्रॅगुशिनचा गुडघा गेला. मॅनेजर मागतो, देणारा वर बसलेला असतो. गेल्या हिशेबात क्लबचं उत्पन्न ५० कोटी पौंडांच्या वर होतं आणि त्यातले पगारावर गेले जेमतेम ४२ टक्के. वरच्या संघांत एवढा हात आखडता घेणारं दुसरं कोणी नाही.

गोव्यात आम्ही उलटं उदाहरण बघितलंय. धेंपो क्लबने आर्मांदो कोलासोंना २००० पासून २०१३ पर्यंत ठेवलं. एवढ्या वर्षांत वाईट हंगाम आले नाहीत असं नाही, पण दर पडझडीला कोच बदलायचा ही सवय क्लबने लावून घेतली नाही. त्या काळात पाच वेळा देशाची लीग मडगाव-पणजीत आली, दोनदा नॅशनल लीग, तीनदा आय-लीग. कोलासो गेल्यावर दोन वर्षांत धेंपो आय-लीगमधून खाली गेला. लंडन आणि गोवा यांच्या पैशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मान्य. तरी एका माणसाला आपला संघ घडवू देणं याला पैशांपेक्षा धीर जास्त लागतो.

लेव्ही २००१ पासून खुर्चीत आहेत. एवढ्या काळात करंडक किती? २००८ चा आणि आत्ताचा. मॅनेजर किती झाले ते मोजत बसा. सतत बदलणारा भाग दोषी, की कधीच न बदलणारा?

---

रात्रपाळी

थोडं वेगळ्या अंगाने.

नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तर वील यांनी तिथल्या वरच्या लीगचे १९८६ ते २००४ असे हंगाम तपासले होते. मॅनेजर काढल्यावर संघ सुधारतो का? सुधारतो. पण त्यांनी तेवढीच घसरण झालेले असेही संघ घेतले ज्यांनी मॅनेजर काढला नव्हता. तेही तसेच सुधारले. घसरण टोकाला गेली की नंतर थोडी उसळी येतेच, आणि जो नवा माणूस त्या वेळी बाकावर असतो त्याच्या नावावर ती जमा होते.

म्हणून मला "नवा येईल आणि सावरेल" या वाक्यावर विश्वास नाही. पुढच्या वर्षी संघ सतराव्यावरून वर येणारच, कोणीही असला तरी. मग भरपाई देऊन, नवा कोचिंग स्टाफ आणून, नव्या पद्धतीचे खेळाडू घेऊन तो खर्च का करायचा?

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट: ज्या थॉमस फ्रँकचं नाव सगळे घेताहेत, तो २०१८ मध्ये ब्रेंटफर्डचा मॅनेजर झाला तेव्हा पहिल्या दहातले आठ सामने हरला होता. ब्रेंटफर्डने त्याला काढलं नाही, म्हणून तो आज तुम्हाला हवा आहे. आर्सेनलचा आर्टेटाही २०२० च्या डिसेंबरमध्ये पंधराव्या नंबरावर होता. अँजचंच बघा, योकोहामा एफ मॅरिनोसला पहिल्या वर्षी बारावा आला, क्लब थांबला, दुसऱ्या वर्षी जपानची लीग जिंकली.

---

सोळा_नंबर

@रात्रपाळी, फ्रँक, आर्टेटा, आणि आता कोणीतरी फर्ग्युसनही आणेल. हे जे थांबल्यामुळे यशस्वी झाले त्यांचीच नावं आपल्याला पाठ आहेत. थांबून बुडालेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. शिवाय ब्रेंटफर्डने फ्रँकला ठेवलं तेव्हा हरत असतानाही खेळ सुधारतोय हे त्यांना आकड्यांत दिसत होतं. आपल्याकडे पाचव्यावरून सतराव्याला आलो. चढ दिसत असेल तर धीर धरावा. हा उतार आहे.

तो डच अभ्यास मुख्यतः हंगाम चालू असताना काढलेल्या मॅनेजरांबद्दल आहे. इथे प्रश्न उन्हाळ्याचा आहे. नव्या माणसाला पूर्ण सराव-शिबिर मिळेल, खेळाडू निवडता येतील. ओल्डट्रॅफर्डवाल्यांनी नेमकं तेच सांगितलं.

आणि स्पर्सचंच उदाहरण घ्या ना, गोव्याला कशाला जायचं? २००८ च्या फेब्रुवारीत हुआंदे रामोसने चेल्सीला हरवून लीग कप जिंकला. लीगमध्ये तेव्हाही अकरावे होतो, पण करंडकाच्या आनंदात कोणी विचारलं नाही. नव्या हंगामात आठ सामन्यांत दोन गुण, तळाला. ऑक्टोबरमध्ये रामोसला काढलं, हॅरी रेडनॅप आला, त्याच संघाला आठव्या नंबरावर नेलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी चौथ्यावर. खेळाडू बरेचसे तेच होते. मॅनेजरने फरक पडत नाही असं ज्याला वाटतं त्याने ही दोन वर्षं बघावीत.

---

पांढरी_जर्सी

रामोसचं अर्धंच सांगितलंत. त्या उन्हाळ्यात क्लबने रॉबी कीनला लिव्हरपूलला विकलं आणि बर्बातोव्हला युनायटेडला. आघाडीचे दोन्ही मोहरे काढून घेतले आणि मग विचारलं गोल का होत नाहीत. रेडनॅपने जानेवारीत पहिलं काम काय केलं? कीनला परत आणलं, डेफोला परत आणलं. म्हणजे दुरुस्ती संघात झाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अँजच्या बाबतीत तेच झालं, पहिला सामना तोंडावर आला असताना केन गेला. तरी त्या वर्षी ६६ गुण आणि पाचवा नंबर.

@सेव्हन_सिस्टर्स, तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. हा खेळ शरीराला महाग पडतो. पण तुम्हीच विचार करा, फेब्रुवारीनंतर युरोपात आपण कसे खेळलो? अल्कमारला पहिला सामना हरलो तिथून पुढे संघ खाली बसून, वेळ काढून, थ्रो-इन आणि कॉर्नरवर भर देऊन खेळला. फ्रँकफर्टला जाऊन पेनल्टीवर एक गोल केला आणि उरलेला वेळ नुसता बचाव. हा बदल कोणी बाहेरून येऊन केला नाही, त्याच माणसाने केला. त्याला आता चार सेंटर-बॅक द्या आणि तोच खेळ लीगमध्ये खेळायला सांगा.

---

सेव्हन_सिस्टर्स

सांगा म्हणजे कोणी सांगायचं? बिल्बाओनंतरच्या रविवारी ब्रायटनविरुद्ध मी स्टँडमध्ये होते. मध्यंतराला १-० पुढे होतो. दुसऱ्या डावात पुन्हा तेच मोकळं रान, चार गोल. खेळाडू थकलेले, आनंदात होते, हे समजू शकते. पण युरोपातला तो सावध खेळ त्याने गरज म्हणून खेळला, त्याच्या मनातला खेळ तो नाहीच. हातात माणसं आली की तो पुन्हा लाइन वर नेणार, कारण त्याचा विश्वास त्यावर आहे. त्या विश्वासापायीच तो मला आवडतो, आणि त्यापायीच मला पुढच्या वर्षाची धास्ती आहे.

त्याला सन्मानाने निरोप द्यावा, दारात पुतळा उभारायचा तर उभारावा. पण या आठवड्यात. १३ ऑगस्टला उदिनेत सुपर कप आहे, त्याच्या तीन दिवसांनी लीग सुरू. नव्या माणसाला जून हवा.

---

मडगावचा_बॅक

आणि नवा माणूस नोव्हेंबरात बारावा असला की?

---

सोळा_नंबर

तर त्याचा हिशेब नोव्हेंबरात करू. आज ज्याचा हिशेब समोर आहे त्याचं बोलू या.

---

पांढरी_जर्सी

मग नाताळपर्यंत तरी द्या त्याला. चार सेंटर-बॅक, विश्रांती मिळालेला संघ, आणि नाताळ. तेव्हाही दहाच्या खाली असू तर मी स्वतः म्हणेन बदला.

---

सोळा_नंबर

नाताळपर्यंत चॅम्पियन्स लीगच्या आठपैकी सहा लढती होऊन गेलेल्या असतील. तिथली जागा मिळवायला एक्केचाळीस वर्षांनी युरोपातला करंडक लागला. त्या सहा लढतींत मला प्रयोग नको आहे.